रत्नम्माच्या गव्हाणीची माती

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, दूध संघाचे माजी चेअरमन आदरणीय वीरण्णाजी; व्यासपीठावर विराजमान पशुसंवर्धन खात्याचे वरिष्ठ अधिकारी; ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण सगळे जमलो आहोत त्या डॉ. जाहिदा खतीब मॅडम; तळणगावाहून सकाळच्या एस.टी.ने आलेली माझ्या गावची वडीलधारी मंडळी; आणि क्लास बुडवून आलेले माझे विद्यार्थी, ज्यांना मी पाहिलंय आणि ज्यांनी मला पाहिलंय हे त्यांनाही ठाऊक आहे, अशा सर्वांना माझा नमस्कार.

हॉल आमच्या क्लासचा असल्यामुळे गैरसोयीबद्दल आधीच बोलते. आपण ज्या बाकांवर बसला आहात ती सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या मापाची आहेत. साहेबलोकांना गुडघे मुडपून बसावं लागतंय. कुणाच्या समोर बाकावर बदामात कोरलेलं नाव दिसलं तर ते कृपया वाचू नये. आणि मागच्या दोन रांगांत डुलकी लागतेच, ती जागेची करणी आहे, वक्त्याची नव्हे.

मी अक्षरा हालकुडे. लातुरात चौकाचौकांत क्लासचे बोर्ड आहेत, त्यातल्या एकावर माझाही हाताची घडी घातलेला फोटो आहे. मी मुलांना जीवशास्त्र शिकवते. माझ्या अगोदरच्या वक्त्यांनी मॅडमची सेवा, बदल्या, लसीकरणाची कामगिरी हे सगळं सांगितलं. मग एका क्लासवाल्या बाईला इथं काय म्हणून उभं केलं, असं काही जणांना वाटत असेल. त्याचं कारण समोर पहिल्या रांगेत पांढरी टोपी घालून बसलंय. ते माझे वडील, ईश्वरप्पा. त्यांच्या शेजारी हिरव्या लुगड्यातल्या, मांडीवर टॉवेलखाली काहीतरी झाकून बसलेल्या आहेत त्या रत्नम्मा आजी. या दोघांमध्ये एकदा माझ्या गावाला एकाची निवड करायची होती, कोण गुन्हेगार ते. मॅडमनी गावाला ती निवड करू दिली नाही. मला एवढंच सांगायचं आहे, पण क्लासवाल्यांना एवढंच सांगता येत नाही, हे आपण जाणता.

भूकंपात आमचं जुनं तळणगाव पडलं. दगडमातीच्या भिंती, वर मातीचंच धाबं, त्याखाली झोपलेली माणसं. त्यावर मी इथं जास्त बोलणार नाही. या हॉलमध्ये असे बरेच जण बसले आहेत ज्यांना ते मी सांगायची गरज नाही. रत्नम्मा आजींचा मुलगा, सून, नातवंडं त्या पहाटे गेली. आजी शेतावर राखणीला होत्या, म्हणून वाचल्या. गोठ्यातला एक बैल वाचला.

मग कोसभर अलीकडे माळावर नवं तळणगाव वसलं. सरळ रस्ते, सारखी घरं, नंबर टाकलेली. माणसांना घरं मिळाली, जनावरांचा विचार नकाशात नव्हता. बैल बिचारे दारात उन्हात. तीन-चार वर्षांनी लोकांनी स्वतःच्या हिमतीवर घरामागं गोठे घालायला सुरुवात केली. आणि गोठा घालायचा म्हणजे आमच्याकडे एक रीत आहे. नवी गव्हाण, म्हणजे जनावराचा चारा टाकायचा ओटा, ती लिंपताना जुन्या गव्हाणीची माती थोडी तरी कालवायची. बैल नव्या जागी रुळतो, दावणीची बरकत मागं राहत नाही, असं म्हणतात. माती घ्यायची तीही वरवरची नाही. दरवर्षी सारवून सारवून थर चढलेले असतात. तर खणत खणत अगदी तळाची, आजा-पणजाच्या हातची घ्यायची. तीच अस्सल.

आमच्या गल्लीत सगळ्यांनी ठरवलं की माती रत्नम्माच्याच गोठ्याची आणायची. तिच्या सासऱ्याच्या काळापासून पोळ्याला पहिला बैल तिच्या घरचा निघतो. तो मान गावाने भूकंपानंतरही मोडला नाही. बैल एकटा होता तरी पहिला तोच. अशा दावणीची माती कुणाला नको असेल? ढिगारा उपसून, खाली खोल खणून टोपली भरली. रत्नम्मा आजींनी ती दारात ठेवली आणि मागेल त्याला ओंजळ-ओंजळ दिली. घर गेलं, माणसं गेली, पण गल्लीभर गव्हाणींतून आपलं घर पुन्हा उभं राहतंय, असं त्यांना वाटत होतं. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. गव्हाणी बांधल्या जिलानी मिस्त्रींनी. माती पायानं तुडवणं, हातानं लिंपणं, सगळं त्यांच्याच हातचं.

मृगाच्या सुमाराला आमच्या गल्लीत जनावरं मरायला लागली. आजारी पडून नव्हे. संध्याकाळी वैरण खाल्लेला बैल सकाळी आडवा. नाकातून काळपट रक्त, आणि ते गोठतच नाही. एक मेला, मग शेजारच्या दारची गाय, मग पलीकडची बैलजोडी. रत्नम्मा आजींचा बैलसुद्धा गेला.

आता माझ्या वडिलांचं दुकान याच गल्लीच्या तोंडाशी. सरकी पेंड, भुसा, मीठ. त्याच आठवड्यात पेंडीचा नवा माल उतरला होता. मेलेली सगळी जनावरं ती पेंड खात होती, असंच सगळे धरून चालले. विषानं मरावं तसंच मरण. मला सांगा, तुम्ही असता तर कुणाकडे बोट दाखवलं असतं? गावानेही तेच केलं. आमच्या दारात पेंडीची पोती आणून रिकामी केली. माझी आई शांतम्मा नळावर गेली की रांगेतल्या बायका बोलायच्या थांबत. मी तेव्हा लातुरात बारावीच्या क्लासला होते. सुट्टीत घरी गेले तर दुकानाला फळी लावलेली आणि अप्पा आत अंधारात बसलेले. माझ्या वडिलांना मी तसं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

अप्पांनी निर्दोष ठरायला काय करावं? चार लोकांदेखत दुकानाच्या पायरीवर बसून मूठभर सरकी पेंड खाऊन दाखवली. आपल्यात पशुवैद्य बरेच आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको. अप्पांचं पोट असं बिघडलं की गावाची खात्रीच पटली. आज हसू येतं, अप्पासुद्धा हसतायत बघा. तेव्हा घरात कुणी हसलं नाही.

अशा वेळी मॅडम आल्या. पायात बूट, खांद्याला पेटी, मोटरसायकलवर शिपायाच्या मागं. नांदेडच्या, परभणीला शिकलेल्या, आणि बाई. लोकांनी त्यांनाच विचारलं, डॉक्टर मागून येऊन राहिलेत का? मॅडम म्हणाल्या, हाव, मीच पुढं आले आणि मीच मागून पण येईन. त्यांनी ताज्या मेलेल्या म्हशीला कापू दिलं नाही, कातडी सोलू दिली नाही. कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि सगळ्यांना लांब उभं केलं. काच रंगवून सूक्ष्मदर्शकात पाहिली तर बांबूच्या पेऱ्यांसारखे एकाला एक जोडलेले दांडके. काळपुळी. आपल्याकडे फाशी म्हणतात तो रोग.

अप्पांना वाटलं, सुटलो. पण लोक म्हणाले, रोग असंल, मग तो पेंडीतूनच आला असंल. मॅडमनी पेंडीचे नमुने लॅबला धाडले, सगळ्या जनावरांना लस टोचली. पेंडीत काही निघालं नाही. तरी लोकांचा एक प्रश्न उरलाच, आणि तो चांगला प्रश्न होता. नव्या जागेवर, जिथं आधी नुसता माळ होता, गाव नव्हतं, गोठा नव्हता, तिथं हा रोग आला कुठून?

माझ्या विद्यार्थ्यांनो, इथे जरा जागे व्हा. तुम्ही मला रोज विचारता, मॅडम, हे परीक्षेला येतं का? तुम्हाला प्रश्न मिळतो तो चार पर्यायांसकट. जाहिदामॅडमना मिळालेल्या प्रश्नाखाली पर्याय नव्हते. गावाने मात्र स्वतःहून एकच पर्याय लिहून त्यावर खूण करून ठेवली होती. त्यांचं काम तेवढ्यावर संपू शकलं असतं. निदान झालं, लस झाली, अहवाल गेला. पण त्यांना राहवेना. त्या गल्लीत येत राहिल्या. कधी म्हणे जनावरांचा ताप बघायला, कधी म्हणे तहान लागली म्हणून.

एकदा त्या गल्लीच्या टोकाला जिलानी मिस्त्रींच्या घरी चहाला थांबल्या. मिस्त्रींची एकच म्हैस, तीही गेली होती. मॅडमनी विचारलं, पेंड कुठली घालायचे? मिस्त्री म्हणाले, "आपा, पेंड कुठनं परवडायची? कडबा अन घरातलं शिळंपाकं." आणि चहाचा कप पुढे करताना त्यांच्या मनगटावरची पट्टी सरकली. खाली रुपयाएवढी काळी खपली. मॅडमनी विचारलं, हे कधीचं? तर गव्हाणींचं काम चाललं होतं तेव्हाचं. म्हैस मरायच्या कितीतरी आधीचं. दुखत नाही म्हणून कुणाला दाखवलं नाही.

आता जिच्यावरून रोगाला काळपुळी हे नाव पडलं ती हीच, माणसाच्या अंगावरची न दुखणारी काळी पुळी. मॅडमनी मिस्त्रींना त्याच पावली दवाखान्यात धाडलं, पेनिसिलिन चालू झालं, मिस्त्री बरे झाले. ते आज इथं आहेत, स्टेजमागचा पडदा त्यांनीच टांगलाय, म्हणून तो सरळ आहे. पण मॅडमच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पेंड न खाणारी म्हैस मेली. मेल्या जनावराला हात न लावलेल्या माणसाला पुळी आली. मग त्यानं हात कशाला लावला होता?

मॅडम रत्नम्मा आजींकडे गेल्या. रिकाम्या दावणीपाशी बसल्या. गव्हाणीचा खालचा भाग वेगळ्या रंगाचा दिसत होता. आजींनी मोठ्या मायेनं सगळं सांगितलं, रीत, टोपली, तळाची माती, कुणाकुणाला ओंजळ दिली ते. मॅडमनी हळूच विचारलं, अम्मा, तुमच्या जुन्या गोठ्यात कधी जनावर असं एकाएकी गेलं होतं का? आजी म्हणाल्या, हो की, निजाम गेला त्या पोलिस ॲक्शनच्या पुढच्या साली, मी नवी नवरी होते. खिल्लारी जोडी एका दिवसात गेली. नाकातनं रक्त. सासरे लहान पोरासारखे रडले, आणि रक्तानं भिजलेली गव्हाण तशीच लिंपून टाकली.

म्हणजे तो जंतू पन्नास वर्षं त्या तळाच्या थरात झोपला होता. हा जंतू असा आहे की रक्त उघड्यावर सांडलं की तो स्वतःभोवती टणक कवच करून बीज होऊन बसतो. ऊन, पाऊस, दुष्काळ, काही लागत नाही त्याला. भूकंपानंही तो उठला नसता. त्याला उठवून, टोपलीत घालून, नव्या गावात घरोघर पोचवलं ते आमच्या मायेनं.

पुढे मी मॅडमना एकदा विचारलं होतं की इतका जहाल जंतू, दिवसात बैल मारतो, मग त्याचं स्वतःचं काय होतं? घर जाळून राहायचं कुठं? मॅडम म्हणाल्या, ज्या जंतूला एका जनावरातून दुसऱ्यात ताबडतोब जायचं असतं त्याला जनावर हिंडतं-फिरतं लागतं. याला घाई नाही. याला मातीत पन्नास वर्षं थांबता येतं, म्हणून याला मारणं परवडतं. हे वाक्य मी दरवर्षी वर्गात सांगते. आणि लस कसली माहीत आहे? तोच जंतू, फक्त अंगावरचा अंगरखा काढून घेतलेला. त्या अंगरख्यामुळे शरीराच्या शिपायांना त्याला धरता येत नाही. तो नसला की धरता येतं, आणि एकदा धरला की ओळख राहते. मला अजून याचं नवल वाटतं.

असो. मी वाहवत चालले.

मॅडमच्या हातात आता उत्तर होतं. ते सांगितलं की माझे वडील सुटणार होते. आणि ते सांगितलं की जिचं काहीच उरलं नव्हतं ती बाई गावाची गुन्हेगार होणार होती. रत्नम्मा आजी काही खुळ्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "डाक्टरीणबाई, म्हणजे हे माझ्यामुळं झालं?"

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, नाही नाही आजी, असं काही नसतं. मॅडम म्हणाल्या, "जंतूमुळं झालं, अम्मा. माती तुम्ही दिली. दोन्ही खरं हाय."

आजी बराच वेळ गव्हाणीवर हात फिरवत बसल्या. मॅडमनी तो हात धरून धुवायला लावला. मग आजी म्हणाल्या की गावाला हे मीच सांगणार.

समाजमंदिरात गाव जमलं. मी आईबरोबर भिंतीला टेकून उभी होते. आजींनी उभं राहून जे होतं ते सांगितलं, रडल्या नाहीत. मग मागून कुजबुज सुरू झाली आणि सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या, जिथं माझे अप्पा उभे होते. बोलायचा हक्क त्यांचा होता. गावाने त्यांना ज्या नजरेनं पाहिलं होतं ती नजर आता आजींकडे वळवणं त्यांच्या हातात होतं.

अप्पा म्हणाले, "माझ्या दारात पेंड फेकली तशी हिच्या दारात माती फेकू नका. समद्यांनी मागून नेली हाय."

मी अप्पांची पोर आहे, मला ते नेहमीच मोठे वाटत आले. पण त्या दिवशी ते गावालाही दिसले.

मग प्रश्न आला गव्हाणींचा. सगळ्या फोडायच्या होत्या. औषधानं भिजवून, धूळ न उडवता, माती गावाबाहेर खोल खड्ड्यात चुन्याखाली पुरायची, वर कुंपण घालायचं. सुरुवात कुणाकडून? सगळे खाली बघायला लागले, कारण ज्याच्या घरून सुरुवात त्याचं नाव लागणार. मॅडमनी विचारलं की तुमच्याकडे पोळ्याला पहिला बैल कुणाचा असतो? कुणीतरी म्हणालं, रत्नम्माचा. मॅडम म्हणाल्या, "मग पहिली गव्हाण पण तिचीच. मानानं."

आणि खरंच तसं झालं. आजींनी गव्हाणीसमोर विभूती ठेवली, हलगीवाला आला, आणि औषधाची पहिली बादली आजींनी स्वतः ओतली. मागून गल्लीतली घरं ओळीनं, पोळ्याच्या क्रमानं. लोकांनी कुजबुजायचं सोडून हातमोजे घातले. अप्पांच्या दुकानाची फळी दुसऱ्या दिवशी निघाली आणि पहिलं गिऱ्हाईक ज्यानं पोतं ओतलं होतं तोच होता. अप्पांनी त्याला पेंड दिली आणि वर मीठही दिलं.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण मॅडमनी जाताना त्या मातीची एक मूठ डबीत बंद करून नेली होती. लॅबमधला शिपाई पुढे महिनाभर वैतागून सगळ्यांना सांगत होता, "मॅडम माती शिजवून राहिल्यात." दाबाच्या वाफेत घालायची, थंड करायची, पुन्हा घालायची, मग त्यातलं चिमूटभर काचेच्या ताटलीत पेरून बघायचं काही उगवतं का. उगवेनासं होईपर्यंत. मग ती मूठ बाटलीत भरून मॅडम तळणगावला आल्या आणि रत्नम्मा आजींच्या हातात दिली. म्हणाल्या, घ्या अम्मा, यात आता दुसरं कुणी न्हाई, नुसते तुमचे सासरे हायेत.

आजींनी बाटली उजेडात धरली. म्हणाल्या, "जंतू मेले हे ठीक. पण माती जिती हाय का?"

मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितलं की ते मला तपासता येत नाही. आजी म्हणाल्या, मला येतं. त्यांनी त्या मातीत ज्वारीचे दाणे टोचले, पाणी शिंपडलं आणि फडकं झाकून ठेवलं. आठवड्यानं मॅडमना निरोप गेला, कोंब आलाय, जिती हाय. त्या निरोपासाठी आजींनी अप्पांना मुद्दाम तालुक्याला धाडलं होतं, दुसऱ्या कुणाला नाही. त्यानंतर आजींच्या नव्या गव्हाणीत ती माती कालवली गेली. आजही तिथं बैल बांधलेला आहे आणि दर उन्हाळ्याच्या शेवटी तो लस टोचून घेतो.

मॅडम, आपण आता सरकारी क्वार्टर सोडून नांदेडला स्वतःच्या घरात राहायला जाताय. नवं घर आहे. मागे अंगण आहे आणि एक शेळी पाळायचा आपला बेत आहे, अशी आम्हाला आतली बातमी आहे. आमच्याकडची रीत आपल्याला माहीत आहे. तेव्हा शाल आणि श्रीफळ झाल्यावर आपण पाच मिनिटं उभं राहावं. रत्नम्मा आजी टॉवेलखाली जे झाकून बसल्या आहेत ती कुंडी आहे. त्यात आजींच्या गव्हाणीची माती आहे. घाबरू नका. आपल्याच लॅबमध्ये आपल्याला कळू न देता मी ती तपासून घेतली, अहवाल कुंडीला दोऱ्यानं बांधलाय. आणि आजींनी त्यांच्या पद्धतीनं तपासलीय. टॉवेल काढला की कोंब दिसतील.

आजी, उठा. अप्पा, त्यांना हात द्या.

अध्यक्ष महोदय, मला दिलेला वेळ मी केव्हाच ओलांडला, तरी आपण घंटी वाजवली नाही हे आपलं मोठेपण. आयोजकांची, व्यासपीठाची आणि तळणगावच्या माझ्या माणसांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला कमी-जास्त शब्द गेला असेल, तर घरची मुलगी समजून पोटात घालावं. मॅडम, कुंडी दोन्ही हातांनी धरा, जड आहे. आणि नंतर हात धुवा, हे आपणच आम्हाला शिकवलंय. नमस्कार.